सत्त्याण्णवचं सत्तावीस

चूक सापडली ती सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास, एडिटरच्या खोलीत. तोपर्यंत चित्रपट जवळजवळ तयार झाला होता. पार्श्वसंगीत बसलं होतं, ट्रेलर बाहेर पडला होता, आणि पुढच्या शनिवारी युनिटमधल्या सगळ्यांना घरच्यांसह चित्रपट दाखवायचं ठरलं होतं.

खोलीत तिघं होते. एडिटर, दिग्दर्शक आणि कंटिन्युइटी बघणारी बाई. शॉट उलटसुलट क्रमाने घेतले तरी पडद्यावर ते सलग दिसले पाहिजेत, हे बघणं तिचं काम. नायकाने कप कुठल्या हातात धरला होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, कपाळावरची जखम किती वाळली होती, सगळं ती वहीत टिपून ठेवायची. बावीस वर्षं हेच केल्यामुळे युनिट तिला पाठीमागे चित्रगुप्त म्हणायचं. तोंडावर ताई.

"थांब," ती म्हणाली. "मागे घे. सीन अठ्ठ्याऐंशी."

एडिटरने मागे घेतलं. नायक स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, उजव्या हातात चहाचा कप. नायिका त्याच्याकडे पाठ करून भांडी विसळते आहे. तो म्हणतो, "सत्त्याण्णव," आणि घोट घेतो. ती मान न वळवता म्हणते, "तीन राहिले. मग भरले तुझे शंभर!"

"ह्यात काय आहे?" दिग्दर्शक म्हणाला. "हा तर आपला हुकमी हशा आहे. ट्रेलर ह्याच्यावर संपतो."

"आकडा चुकलाय."

चित्रपटाचा नायक गाडी चालवायला शिकवणारा होता आणि त्याला सेक्सचं व्यसन होतं. व्यसन म्हणजे रंगेलपणा नव्हे, हे चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात नीट सांगत होता. त्यासाठी लेखिकेने मेहनत घेतली होती. बाकी सगळा मामला प्रेमाचा आणि विनोदाचा. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोघांच्या पायाखाली असतो, यावर तीन विनोद होते. नायक अशाच व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांच्या एका गटात जायला लागतो, आणि रोज सकाळी नायिकेला एक आकडा सांगतो. व्यसनापासून लांब राहिल्याचा आज कितवा दिवस, तो आकडा. बारा, मग चाळीस, मग सत्त्याण्णव.

पण पहिलं जुळवलेलं रूप बघून वितरक म्हणाला होता, हा माणूस फार पटकन बरा होतो, एकदा घसरायला हवा. म्हणून सीन एकाहत्तर-क नव्याने लिहिला गेला. हॉटेलचा कॉरिडॉर, दोन दिवसांचं शूटिंग. नायक घसरतो, निघून जातो. मग पडद्यावर पाटी येते, 'सहा आठवड्यांनंतर'. आणि मग अठ्ठ्याऐंशी, जो फार आधी शूट होऊन डब्यात पडला होता. त्याकडे परत कुणी बघितलं नाही. तिनेही नाही.

"घसरल्यावर आकडा पुन्हा एकपासून सुरू होतो," ती म्हणाली. "सहा आठवड्यांनी तो सत्त्याण्णव म्हणूच शकत नाही. बेचाळीसच्या आसपास म्हणेल."

"अहो ताई, कोण मोजतंय?"

"मोजणारे मोजतात."

"परत शूट करू म्हणता? घर मोडलं. सेटवरच्या फळ्या दुसऱ्याच्या सिनेमात गेल्या. नायिकेने केस कापलेत. बॉयकट!"

"शूट नको. आकडा डब करू. उद्या दहाला हिरो येतोच आहे बाकीच्या दुरुस्त्यांना."

"आणि ओठ?"

ती उठून बाहेर गेली. वॉशरूमच्या आरशासमोर उभी राहून तिने एकापासून शंभरापर्यंतचे आकडे तोंडाने म्हणून बघितले. बेचाळीसला ओठ मिटतात, ते चालणार नव्हतं. सत्तर फार आखूड. सत्तावन्न बसलं असतं, पण आठ आठवडे ओढायला कथेत जागा नव्हती. मेकअपची एक मुलगी हात धुवायला आली, बाईंचं सत्तावीस-सत्तावीस ऐकून जरा दचकली, आणि हात न पुसताच निघून गेली.

"सत्तावीस," तिने परत येऊन सांगितलं. "सुरुवात तीच. शेवटच्या 'व'पाशी तो कप तोंडाला लावतो, 'वीस' कपाआड जातं. पाटीवर सहाचे चार आठवडे करा."

एडिटरने आवाज बंद करून चित्र चालवलं, स्वतःच "सत्तावीस" म्हणाला. बसलं.

"बसलं!" तो म्हणाला. "चित्रगु... ताई, मानलं."

"आणि माझे शंभर?" दिग्दर्शक म्हणाला. "सत्तावीसला काय, त्र्याहत्तर राहिले म्हणेल ती? हसेल कोण? उद्या बघू. माझं मत नाही ह्याला, सांगून ठेवतो."

या सगळ्यात एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. रोज सकाळी आकडा सांगण्याची कल्पना लेखिकेची नव्हती. ती तिच्या घरातली होती.

पाच महिन्यांपूर्वी पटकथेचं वाचन चाललं होतं तेव्हा लेखिका अडली होती. "बरं होणं दाखवायचं कसं?" ती म्हणाली होती. "दारू सोडली की बाटली मोरीत ओतता येते. हे सोडलं की काय ओतणार?" वाचनाला कधीही तोंड न उघडणारी कंटिन्युइटीवाली बाई तेव्हा म्हणाली, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. तो रोज सकाळी चहाच्या वेळी बायकोला आकडा सांगतो. दुसरं काही बोलत नाही. नुसता आकडा." लेखिकेने टेबलावर हात आपटला. दिग्दर्शक म्हणाला, अरे, हे सोनं आहे. तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे ती नाकारू शकत नव्हती. आपल्या घरात घडलेल्या एवढ्या घाणीतून काहीतरी कामाचं निघालं, असं काहीसं. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं. नंतर सांगितलंही नाही.

नवरा चष्मेवाला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याचं अरुंद दुकान होतं. पुढे फ्रेमा, मागे भिंगं घासायचं चाक. चार वर्षं तो आठवड्यातून तीन-चार दुपारी 'भिंगं आणायला गेलो आहे' अशी पाटी लावून दुकान बंद करत होता. बायका अनोळखी असायच्या, फोनवरून ठरलेल्या. दुसरा फोन भिंगांच्या रिकाम्या खोक्यात असायचा. प्रेम त्यातल्या कुणावरच नव्हतं. हे त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि त्यामुळे तिला काही सोपं गेलं नव्हतं. एका दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याला बजावलं, बायकोलाही तपासणीला घेऊन या, तेव्हा घरात हे उघड झालं. पडद्यावर बटण चुकलं तर जी तिसऱ्या रांगेतून ओरडायची, तिला चार वर्षं घरात काही दिसलं नव्हतं. त्याने जे केलं त्याच्या खालोखाल तिला हे लागलं होतं.

तिची तपासणी निर्धोक निघाली. तो बुधवारच्या गटात जायला लागला, टायपिंगच्या क्लासवरच्या खोलीत, संध्याकाळी सहाला. आकड्याची कल्पना त्याची. "तू विचारायचं नाहीस. मीच सांगेन." तिने मान्य केलं, एका अटीवर. ज्या दिवशी आकडा खोटा निघेल त्या दिवशी ती बहिणीकडे जाईल आणि परत येणार नाही. तो म्हणाला होता, कबूल.

मंगळवारी सकाळी त्याने चहाचे दोन कप ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "दोनशे तीन."

"बरं," ती नेहमीप्रमाणे म्हणाली. मग म्हणाली, "एक विचारू? कामाचं आहे."

"विचार की."

"समजा तुमच्या गटातला एखादा मध्येच घसरला. तर दुसऱ्या दिवशी तो काय सांगतो?"

तो साखर ढवळत होता. ढवळत राहिला. "एक. एकपासून सुरू. का?"

"सिनेमात आहे तसं."

"कुठल्या? तुमच्या त्या गाडीवाल्या?"

शनिवारी तो चित्रपट बघायला येणार होता. नवा शर्ट इस्त्री करून दाराला टांगलेला होता. तिला वाटलं होतं, निदान गुरुवारपर्यंत वेळ आहे. आता नव्हता.

"त्यात नायक रोज सकाळी आकडा सांगतो," ती म्हणाली. "बायकोला. चहाच्या वेळी."

शेजारच्या घरात कुणीतरी कुकरच्या नावाने कुणावर तरी ओरडत होतं.

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

"माझं म्हणून?"

"नाही रे. ओळखीचा एक माणूस म्हणून. नाव नाही घेतलं मी."

"नाव कशाला घ्यायला हवंय? मी थेटरात बसेन तेव्हा मला माझं नाव माहीत असेलच की." त्याचा आवाज वाढला नव्हता. "मी कुणालाही सांगत नाही ते तुला इथे, ओट्यापाशी, सांगतो. आणि तू जाऊन ते वाटून आलीस. वा."

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"लोक हसतात का त्याला?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "एकदा हसतात," ती म्हणाली. "तो म्हणतो सत्त्याण्णव. ती म्हणते, तीन राहिले, मग भरले तुझे शंभर."

त्याला हसू आलं. आवरायच्या आत आलं, आणि मग तो त्या हसण्यावरच चिडल्यासारखा दिसला. "जोक बरा आहे," तो म्हणाला.

"हो. पण तो जाणार. मध्ये तो घसरतो ना, आणि तरी पुढे सत्त्याण्णव म्हणतो. चूक आहे ती. मी आज डब करून बदलायला लावणारे."

"राहू दे ना," तो म्हणाला.

"काय?"

"राहू दे तसंच. कशाला त्यांच्या मागे लागतेस? एवढा चांगला जोक आहे. कोण मोजत बसणारे?"

हेच वाक्य ती काल दुपारी ऐकून आली होती. दिग्दर्शकाच्या तोंडी ते आळसाचं होतं. पण हा माणूस दोनशे तीन सकाळी, ताप आला तेव्हाही आणि ती बाहेरगावी शूटिंगला होती तेव्हा फोनवरूनही, मोजत आला होता. आत्ता, रागावलेला असताना, त्याला चुकीचा आकडा राहायला हवा होता. शॉटमध्ये एखादी वस्तू जागेवरून हलली की तिच्या मानेपाशी काहीतरी व्हायचं, तसं झालं.

"किती?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, तो म्हणेल, काय किती?

"पंच्याऐंशी," तो म्हणाला.

वजाबाकी तिने आपसूक केली. एकशे अठराव्या दिवशी घसरला होता.

"गटात मी पंच्याऐंशीच सांगतो," तो म्हणाला. "तिथे दुसऱ्याच बुधवारी सांगून टाकलं. इथे... इथे तुझी ती अट होती. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, बरेच दिवस झाले की सांगू. मग आकडा मोठा होत गेला आणि सांगायला आणखीच... म्हणजे रोज सकाळी दोन आकडे डोक्यात घेऊन उठायचं. एक तुझा, एक त्यांचा." तो थांबला. "बोल ना काहीतरी."

तिने कप विसळून पालथा घातला. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"दहाला डबिंग आहे," ती म्हणाली.

डबिंगच्या खोलीत काचेपलीकडे नायक, अलीकडे दिग्दर्शक, लेखिका, ध्वनिमुद्रक आणि ती. नायकाने घशाला मफलर गुंडाळला होता. बाकीच्या दुरुस्त्या पाऊण तासात संपल्या. मग अठ्ठ्याऐंशी नंबर आला आणि दिग्दर्शकाने खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"ताई, शेवटचं विचारतो. अख्ख्या थेटराचा हशा आहे तो. तुम्ही एका आकड्यासाठी हशा मारताय."

"आधी तो घसरतो," ती म्हणाली. "मग येऊन तिला सत्त्याण्णव सांगतो. म्हणजे तो तिला फसवतोय. आणि ती भांडी घासत जोक करतेय. असा शेवट आहे का तुमचा?"

"प्रेक्षकाला कळणार नाही हो ते."

"ज्याच्या घरात आकडा सांगतात त्याला पहिल्यांदा कळेल."

"अशी घरं किती असणार?"

लेखिका आत्तापर्यंत पेनाचं टोपण चावत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. माझीच चूक आहे, मी एकाहत्तर-क लिहिताना बघायला हवं होतं. तसंच ठेवलं तर हा पुन्हा पहिल्यासारखा लबाड ठरतो."

"तू पण?" दिग्दर्शक म्हणाला. "बरं, घ्या. पण दोन्ही तयार ठेवायचे. मी ठरवीन."

नायकाने "सत्तावीस" म्हटलं. पहिल्या वेळी त्याने ते विनोदी केलं, सवयीने. दुसऱ्या वेळी एवढं दुःखी केलं, की ध्वनिमुद्रकाने विचारलं, कुणी गेलंय का? नायक स्वतःही हसला. मग कानावरचे हेडफोन सरकवून काचेतून म्हणाला, "नक्की काय हवंय? हा घाबरलेला आहे का? लाजलेला? म्हणजे, एवढासा आकडा आहे, आणि तिला माहीत आहे का आधी?"

दिग्दर्शकाने खांदे उडवले आणि तिच्याकडे हात केला. विचारा चित्रगुप्ताला.

ती बोलायच्या आधी पुढे झाली, माईकचं बटण दाबलं. "घाबरून झालेलं असतं तोवर," ती म्हणाली. "आवाज नेहमीसारखाच येतो. मागच्या सगळ्या आकड्यांसारखा. त्याला तो बारीक करता येत नाही. आणि सांगून झाल्यावर तो तिच्या तोंडाकडे बघत राहतो."

"पण इथे ती पाठमोरी आहे."

"तर पाठीकडे."

नायकाने मान डोलावली. तिसऱ्या वेळी त्याने नुसता आकडा सांगितला. चित्रात कप वर गेला, 'वीस' त्याच्याआड गेलं. ध्वनिमुद्रक म्हणाला, "हा ठेवतो."

नायक निघून गेल्यावर प्रश्न उरला नायिकेच्या वाक्याचा. ती पडद्यावर पाठमोरी होती, त्यामुळे तिच्या तोंडी काहीही घालता येणार होतं. दिग्दर्शक जरा शांत झाला होता. "आता तुम्हीच सांगा," तो लेखिकेला म्हणाला. "सत्तावीस ऐकून ती काय म्हणते?"

लेखिकेने तीन वाक्यं सुचवली. 'चहा गार होतोय.' 'मला माहीत होतं.' 'उद्या अठ्ठावीस.' तिसरं दिग्दर्शकाला आवडलं, पण लेखिकेलाच आवडलं नाही. "हे लेखिकेचं वाक्य आहे," ती म्हणाली. "बाईचं नाही." मग ती हळूच कंटिन्युइटीवाल्या बाईकडे वळली. "ताई, तुमच्या त्या ओळखीच्या घरात... ती बाई काय म्हणाली असती?"

प्रश्न सरळ होता आणि वाईट हेतूने विचारलेला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी तिने याच प्रश्नाला खुशीने उत्तर दिलं असतं. आत्ता तिच्या लक्षात आलं, की सकाळी आठ चाळीसला तिने जे म्हटलं होतं तेही चांगलं वाक्य होतं. दहाला डबिंग आहे. इथे घातलं, 'दहाला क्लास आहे' असं केलं, तर लोक हसले असते, आणि काहीजण हसता हसता मध्येच थांबले असते. दिग्दर्शकाला त्याचा हशा परत मिळाला असता. वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं.

"त्या घरातलं आता काही मागू नका," ती म्हणाली.

लेखिका तिच्याकडे बघत राहिली. लेखिकेला काय समजलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी ओळखीचा माणूस, मग ओळखीचं घर. तिने टोपण पेनाला लावलं.

"बरं," लेखिका म्हणाली. "मग ती काहीच म्हणत नाही. नळ चालू आहे. नळ ठेवा."

"गेला हशा," दिग्दर्शक म्हणाला. त्याने ते दृश्य दोनदा बघितलं, एकदा शंभरासह, एकदा नळासह. मग ध्वनिमुद्रकाला म्हणाला, "नळाचा आवाज थोडा कमी कर. कानात बसतोय." म्हणजे ठरलं होतं.

ती दीडला दुकानात पोचली. आत एक आजोबा आरशासमोर दोन फ्रेमा घेऊन बसले होते, आणि नवरा त्यांच्यामागे उभा होता. तिला बघून त्याचा हात थांबला.

"बाई, तुम्ही सांगा," आजोबा म्हणाले. "हा तुमचा माणूस दोन्ही चांगल्या म्हणतो. मला कुठली शोभते?"

"काळी."

"काळीत मी हेडमास्तर दिसतो."

"मग तपकिरी."

"तपकिरीत रिटायर्ड हेडमास्तर." आजोबांनी दोन्ही उतरवून बिनचष्म्याने तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "काळीच करा. नाहीतरी घरात माझं कोण ऐकतंय, निदान दिसायला तरी." ते तारीख ठरवून गेले.

नवऱ्याने दोन्ही फ्रेमा पुसून पुन्हा काचेच्या कपाटात लावल्या. चुकीच्या खणात लावल्या. तिला ते दिसलं.

"बहिणीला फोन केलास?" त्याने विचारलं.

"नाही."

"करणार आहेस?"

"माहीत नाही." ती ग्राहकांच्या स्टुलावर बसली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं अक्षर हातभर उंच, खालची ओळ मुंग्यांएवढी. "आकडा बदलला," ती म्हणाली. "जोक काढला."

"बरं केलंस." थोड्या वेळाने तो म्हणाला, "चांगला होता पण."

"होता."

"शनिवारी मी येऊ नको ना?"

"तुझं तू ठरव. मी ते त्यांना द्यायला नको होतं, ते माझ्याकडून झालंय. ते मी परत घेऊ शकत नाही. तुला बसवत असेल तर ये." तिने पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. "पण ते वेगळं आणि हे वेगळं. मी चुकले म्हणून तुझं फिटलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पंच्याऐंशी दिवस तू मला रोज सकाळी खोटं सांगितलंस. चहा देऊन."

"हो."

त्याने सफाई दिली नाही. ती वाट बघत होती की देईल, आणि दिली असती तर ती उठली असती. तो चाकापाशी गेला, त्याची चालू राहिलेली मोटर बंद केली. दुकान अचानक शांत झालं. रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी गेली.

"मला इथून पुढे आकडा नको," ती म्हणाली. "तो तू तुझ्या बुधवारच्या लोकांना सांग. तिथे तू खरा सांगतोस. मी आकडा मागितला आणि वर अट घातली. मला वाटलं, मी बावीस वर्षं हेच करते, एवढं मला धरता येईल." ती थांबली. "मला त्या दिवशी काय झालं ते सांग."

"सगळं?"

"जेवढं तोंडातून निघेल तेवढं. खोटं नको. ऐकल्यावर मी काय करीन ते आत्ता विचारू नकोस, मलाच माहीत नाही. पण आज मी कुठे जात नाहीये."

त्याने दाराची पाटी उलटी केली. दुसरं स्टूल ओढून तो तिच्यासमोर नाही, थोडा बाजूला बसला, त्यामुळे दोघांची तोंडं अक्षरांच्या तक्त्याकडे झाली. सुरुवात त्याला जमेना. आधी त्याने शेवट सांगितला, परत येताना बसस्टॉपवर कसा तासभर बसून राहिला आणि तीन बस सोडल्या ते. मग मधलं. मग त्याच्याही आधीचं, दुकानात आलेली एक बाई, जिने काहीच केलं नव्हतं, फक्त चष्मा बसवताना तिने डोळे मिटले होते. ती गेल्यावर त्याने गटातल्या सोबत्याला फोन लावायला हवा होता, तो नंबर त्याने काढलाही होता. मग पुन्हा बसस्टॉप. नाव त्याला माहीत नव्हतं. खोलीचा रंग आठवत होता. सांगताना त्याने दोनदा डोळे पुसले, शर्टाच्या बाहीने. फ्रेमा पुसायचा कपडा हाताशी होता, तो त्याने वापरला नाही.

"मंगळवार होता," तो म्हणाला. "तू बाहेरगावी होतीस, शूटिंगला. दुपारी तुझा फोन आला होता. मी उचलला नाही. वाजत होता तेवढा वेळ मी त्याच्याकडे बघत होतो. तेव्हा उचलला असता तर..."

मंगळवार नव्हता, सोमवार होता. त्या दिवशी युनिटचा जनरेटर बंद पडला होता, अकरालाच सगळ्यांना लॉजवर सोडलं होतं, आणि दुपारी दोनला वेळ जाईना म्हणून तिने फोन केला होता. फोन पूर्ण वाजला होता. तिला वाटलं होतं, दुकानात गर्दी असेल.

तो थांबून तिच्याकडे बघत होता.

"हं," ती म्हणाली. "मग?"